बदलाचं वहीखातं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सांस्कृतिक समितीनं मला दिलेल्या पत्रात विषय होता ‘काळ, बदल आणि विज्ञान’. सोबत तोंडी सूचना अशी, की पाऊण तासात आटपा आणि मुलांनाही कळू द्या. दोन्ही अटी पाळायचा प्रयत्न करतो.

रौप्यमहोत्सव म्हणजे तरी काय? पंचवीस वर्षांत काय काय बदललं, याचं कौतुक. किल्ल्या हातात घेतल्या तेव्हा बऱ्याच खिडक्यांतून खाडी दिसायची, आता समोरची इमारत दिसते. ज्यांना कडेवर घेऊन आपण जिना चढलो ती मुलं आज लिफ्टचं बटण दाबून आपल्याला वर नेतात. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलं, पण घडताना दिसलं नाही. मला आज बोलायचं आहे ते याच गोष्टीवर. न दिसणारा बदल माणसानं पकडला कसा? खगोलशास्त्र, वैद्यक, रसायन, इतिहास, स्थापत्य या वेगवेगळ्या शाखांनी त्यासाठी जवळजवळ एकच युक्ती वापरली. ती युक्ती आज आपल्या सोसायटीच्या कामाची आहे, कारण येत्या काही वर्षांत मोठी दुरुस्ती की पुनर्विकास, हा प्रश्न आपल्यासमोर येणार आहे.

गच्चीवरची टाकी

युक्ती समजायला गच्चीवर जाऊ या. टाकीत आत्ता किती पाणी आहे तो साठा. पंप किती ओततो ती आवक. नळांतून किती जातं ती जावक. आवक जास्त असेल तर पातळी चढते, जावक जास्त असेल तर उतरते. ज्याला या तीन गोष्टी ठाऊक, त्याला टाकी किती वाजता रिकामी होईल ते आधीच सांगता येतं. आपल्या महापालिकेचं मोरबे धरण म्हणजे हीच टाकी, फक्त मोठी. त्याची पातळी ८८ मीटरला गेली की धरण भरल्याची बातमी येते आणि आपण निर्धास्त होतो.

आता टाकीला तळाशी एक भोक आहे असं समजा. टाकी भरलेली असताना धार जोरात पडते, पाणी उतरत जातं तशी धार मंदावते. म्हणजे जावक किती, हे साठा किती आहे यावर ठरतं. पुढच्या क्षणी काय होणार हे आत्ता काय आहे यावर अवलंबून असतं. बदलाच्या सगळ्या शास्त्राचं मूळ या एका वाक्यात आहे.

हा ‘आत्ता’ पकडणं सोपं नाही. चंद्र आजपासून उद्यापर्यंत किती पुढे गेला हे मोजून आपण त्याची दिवसाची गती काढू. पण चंद्राचा वेग दिवसभर एकसारखा नसतो. तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं तर त्या वेळची गती हवी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त, म्हणजे ११५० मध्ये, तिला ‘तात्कालिक गती’ म्हटलं. त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. पुढे पाचशे वर्षांनी न्यूटन आणि लायबनिझ यांनी या कल्पनेचं पूर्ण शास्त्र उभं केलं. बारावीच्या मुलांना छळणारं कॅल्क्युलस ते हेच.

शहराची वाढ

आता टाकीच्या जागी आपलं शहर ठेवू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. त्याआधी १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं अशी योजना मांडली होती. इथे माणसंच नव्हती असं मात्र समजू नका. आगरी-कोळी बांधवांची गावं, भातशेती, मिठागरं, मासेमारी हे सगळं होतं, आणि त्यांच्याच जमिनीवर आपण राहतो.

जनगणनेचे आकडे बघा. नवी मुंबईची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ३ लाख ८ हजार, २००१ मध्ये ७ लाख ४ हजार, २०११ मध्ये ११ लाख २० हजार. पहिल्या दहा वर्षांत साधारण ४ लाखांची भर पडली. दुसऱ्या दहा वर्षांतही साधारण ४ लाखांचीच, थोडी जास्त. मग वेग तोच राहिला म्हणायचं का?

इथे दोन माणसं दोन उत्तरं देतील. पाणीपुरवठ्याचा अभियंता म्हणेल, वेग तोच, मला दोन्ही वेळा चार लाख माणसांसाठी नळ टाकावे लागले. लोकसंख्याशास्त्राचा अभ्यासक म्हणेल, नाही, पहिल्या दशकात शहर १२९ टक्क्यांनी वाढलं आणि दुसऱ्यात ५९ टक्क्यांनी. वेग निम्म्याहून खाली आला. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. म्हणून कुणी आपल्याला ‘वाढ झाली’ असं सांगितलं, की लगेच विचारायचं, किती भर पडली आणि कितीच्या मानानं पडली?

मोकळ्या जागेत वाढ सुरू होते तेव्हा जितके जास्त तितकी भर जास्त, अशी ती पळते. जागा, पाणी, काम अपुरं पडू लागलं की ती मंदावते. बेल्जियमचे गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये हे समीकरणात बसवलं. कागदावर काढलं तर आडव्या ताणलेल्या ‘एस’ अक्षरासारखं वळण दिसतं. विरजणातल्या जिवाणूंची वाढ साधारण अशीच होते, नव्या पिकाचा प्रसारही असाच होतो. आपल्या शहराचं वळण पुढे कसं गेलं हे आकड्यांनी सांगता येत नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. नोंद चुकली की वळण तुटतं, हे इथे लक्षात ठेवा.

प्लेगची वही

आता खाडी ओलांडून जुन्या मुंबईत जाऊ. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. पुण्यातला प्लेग आणि रँडचा वध आपण शाळेत शिकलो. पण मुंबईच्या प्लेगनं जगाच्या विज्ञानात एक वेगळीच जागा मिळवली आहे.

मुंबईत दर आठवड्याला प्लेगनं किती मृत्यू झाले याची नोंद होत होती. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या मोसमाचे आकडे असे, की सुरुवातीच्या आठवड्यांत बोटांवर मोजण्याइतके, मग शंभर, मग काही शे, उन्हाळ्यात आठवड्याला ९०० च्या आसपास आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा मोजके. हे आकडे वीस वर्षं कागदावर पडून होते. १९२७ मध्ये एडिंबरोच्या दोघांनी ते उचलले. एक मॅककेंड्रिक. ते डॉक्टर, हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत काम केलेले. दुसरे करमॅक, रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ मध्ये त्यांची दृष्टी गेली होती, म्हणून गणित ते मनातच करायचे.

त्यांनी माणसांचे तीन गट केले. ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या तीन टाक्या. पहिलीतून दुसरीत माणसं किती वेगानं जाणार? तर पहिल्या आणि दुसऱ्या गटातल्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. ही कल्पना रसायनशास्त्रातली आहे. चंचुपात्रात दोन पदार्थ मिसळले, की अभिक्रियेचा वेग दोघांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर ठरतो, कारण दोघांची गाठ पडली तरच काही घडतं. रोगाचंही तसंच. निरोगी माणूस आणि रोगी माणूस यांची गाठ पडली पाहिजे.

यातून एक मोठी गोष्ट कळली. साथ संपायला सगळे आजारी पडावे लागत नाहीत. एक रोगी सरासरी एकापेक्षा कमी जणांना रोग देऊ लागला, की साथ आपोआप उतरते. २०२० मध्ये आपण दूरदर्शनवर ‘आर’ नावाचा आकडा ऐकत होतो, ‘आर एकच्या खाली आला’ वगैरे. त्याचं कूळ या विचारात आहे. फाटकावर तापमान मोजणं, दूध-भाजी दारात ठेवणं, लिफ्टमध्ये एकानंच जाणं, या सगळ्याचा उद्देश एकच होता, गाठीभेटी कमी करणं. आपली सोसायटी तेव्हा ते समीकरण जगत होती.

पण गोष्ट इथे संपवली तर अर्धवट राहील. मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग, आणि पिसवांमार्फत तो माणसाकडे येतो. आपल्या साध्या गृहीतकांत हे नीट बसत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. पुढच्या काळातल्या गणितज्ञांनी दाखवलं, की मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूत चढायचा आणि उतरायचा. तेव्हा उतार पडण्यात हवामानाचा वाटा मोठा होता. म्हणजे त्यांचं वळण आकड्यांवर छान बसलं, तरी मुंबईपुरतं कारण वेगळं निघालं. वळण जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नाही, हा या गोष्टीचा धडा आहे. आणि ही चूक शंभर वर्षांनी दाखवता आली ती कशामुळे? कुण्या अनाम कारकुनानं दर आठवड्याला आकडा लिहिला, आणि तो एकच मोसम नाही तर वर्षानुवर्षं लिहिला, म्हणून.

वही ठेवणारे आणि वही नसलेले

अशा कारकुनीचं सर्वांत सुंदर उदाहरण कुलाब्याचं आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होऊ लागली. काटा किंचित इकडे, किंचित तिकडे. कुणाला त्याचं काय होतं? १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. कुलाब्याच्या माणसांनी नेहमीप्रमाणे काटा वाचून वहीत लिहिला. जवळजवळ दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की असं वादळ पुन्हा आलं तर उपग्रहांचं आणि वीजजाळ्यांचं काय होईल? तेव्हा त्या वादळाचा जोर मोजायला मुंबईची ती वही उपयोगी पडली. तिच्यात चुंबकत्वाची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला नोंदली होती.

याच वेधशाळेची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांमुळे चुंबकाचा काटा बिघडणार. म्हणून काम अलिबागला हलवलं. वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. त्यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या. दोन जागांतला फरक किती, हे त्यामुळे कळलं आणि जुनी वही नव्या वहीला जोडता आली. अलिबागला ती नोंद आजही चालू आहे. समिती बदलली की जुन्या फायली माळ्यावर टाकणाऱ्या सर्व संस्थांनी एकदा अलिबागला सहल काढावी, असं मी सुचवतो.

आणि वही कुणी ठेवलीच नसेल तर? त्याचंही उत्तर आपल्याकडच्याच माणसानं दिलं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना डेक्कन क्वीननं पुणे-मुंबई ये-जा करायचे. आपल्यातल्या पासधारकांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला हरकत नाही. त्यांच्यापुढे तक्षशिलेला सापडलेली प्राचीन चांदीची नाणी होती. त्यांवर सन नाही, राजाचं नाव नाही. मग काळ लावायचा कसा? कोसंबींनी नाणी काट्यावर तोलली. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होतं आणि वजनांतली तफावत वाढते. नाण्याच्या मागच्या बाजूला तपासणीचे लहान ठसे होते. जितके ठसे जास्त तितकं वजन कमी, असा नियमित उतार त्यांना मिळाला. पडताळा घ्यायला त्यांनी स्वतःच्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. ज्यांनी वही ठेवली नव्हती त्यांच्या नाण्यांनीच वही ठेवली होती. १९४४ मध्ये याच माणसानं गुणसूत्रांवरची जनुकांमधली अंतरं काढायचं एक सूत्र दिलं. आनुवंशशास्त्रात ते आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. एकच नजर नाण्यावर ठेवली तेव्हा इतिहास झाला, जनुकावर ठेवली तेव्हा जीवशास्त्र झालं.

खाडी आणि खांब

आता घराकडे वळू. आपल्या खाडीत अनेक घड्याळं एकाच वेळी चालतात. भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते. आपण इथे आल्यापासून साडेसतरा हजारांहून जास्त भरत्या येऊन गेल्या. दुसरं घड्याळ पंधरवड्याचं, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग. तिसरं वर्षाचं, पावसाळा. चौथं सर्वांत हळू, गाळ साचण्याचं आणि खारफुटी पसरण्याचं.

सखल जागी वसलेल्या शहराला पुराचा धोका असतो, म्हणून नवी मुंबईत धारण तलाव ठेवले. भरतीला दारं मिटतात आणि खाडीचं पाणी आत येत नाही. पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला दारं उघडून बाहेर जातं. इथल्या शेतकऱ्यांना हे नवं नव्हतं. खारबांध आणि उघाडी वापरून त्यांनी पिढ्यान् पिढ्या खारजमिनीत भात पिकवला. पण तलावात दरवर्षी थोडा गाळ बसला तर त्याची कूस लहान होत जाते. रोजची भरती, नेहमीचा पाऊस यांत ते कळत नाही. ते कळतं उधाणाची भरती आणि ढगफुटीसारखा पाऊस एकाच वेळी आल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. हळू चालणारं घड्याळ वेगवान घड्याळाची ताकद वाढवून ठेवतं. संकट एका दिवसाचं दिसतं, पण तयारी वीस वर्षांची असते.

इमारतीचंही असंच आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट ताजं असताना चांगलं अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईला गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कता मारत जातो. तो किती खोल शिरतो? काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. उदाहरणादाखल समजा पहिल्या वर्षी ४ मिलिमीटर शिरला. मग ४ वर्षांनी ८, ९ वर्षांनी १२, १६ वर्षांनी १६ आणि २५ वर्षांनी २० मिलिमीटर. मुलांनो, पाढा बरोबर आहे ना, तपासा. म्हणजे वेग मंदावत जातो. ऐकायला बरं वाटतं.

पण स्लॅबमधल्या सळईवरचं आवरण समजा त्याच २० मिलिमीटरचं आहे. मग पंचविसाव्या वर्षी तो सळईपर्यंत पोचला. इथून घड्याळ बदलतं. सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा मागतो. तो आवरणाला आतून ढकलतो, भेग पडते, भेगेतून पाणी आणि हवा जास्त शिरते, गंज आणखी वाढतो. आधी मंदावत जाणारा बदल आता स्वतःच स्वतःला रेटू लागतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेतले क्षार यात भर घालतात. ‘पंचवीस वर्षं काही झालं नाही, आणखी पंचवीस काय होतंय’ असं जिन्यात कुणी म्हटलं, तर हे गणित आठवा. मागचा वेग पुढे तसाच राहील, असं मानायला आधार नाही.

आपल्या इमारतीत तो नेमका किती खोल गेला आहे, हे मी सांगू शकत नाही. ते तपासून कळतं. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. अल्कता शाबूत असेल तिथे तो गुलाबी होतो, गेली असेल तिथे रंगहीन राहतो. पट्टी लावली की मिलिमीटर मिळतात. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. त्या अहवालात नुसतं ‘ठीक’ लिहून आणू नका, मिलिमीटर मागा. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवला, की वेग मिळतो. एका अहवालातून अवस्था कळते, वेग कळायला दोन लागतात.

पैशाचंही तेच गणित. उपविधीनुसार सिंकिंग फंडात दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीत पाऊण टक्का जमा करायचा. हा खर्च मूळ बांधकामाचा, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचा. आवक जवळजवळ सपाट राहते, वर थोडं व्याज. उलट दुरुस्तीचा खर्च टक्क्यांनी वाढतो. समजा वर्षाला ६ टक्के. मग तो बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतो. एक रेघ सरळ आणि दुसरी वर वळणारी. त्या कुठेतरी एकमेकींना ओलांडणारच. उपविधीत ‘किमान’ हा शब्द आहे, जास्त किती घ्यायचं हे आपली सर्वसाधारण सभा ठरवू शकते. रक्कम वाढवायचा प्रस्ताव आला की सभेत आवाज चढतो, हे मला ठाऊक आहे. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांची ओढाताणही खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच, की भांडायचं तर दोन्ही रेघा समोर काढून भांडू.

म्हणून समितीपुढे तीन वह्यांचा प्रस्ताव ठेवतो. पहिली पाण्याची. मीटर, टाकीची पातळी, टँकर यांची रोजची नोंद, रोज एकाच वेळी. दुसरी भेगांची आणि गळतीची. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण आणि तारीख. मोठ्या भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवायची, भेग रुंदावली तर ती तडकते. दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून त्याच अंतरावर फोटो. तिसरी निधीची. जमा, खर्च आणि त्या वर्षीचा दुरुस्तीचा दर एकाच पानावर. समिती बदलली तर जुन्या आणि नव्या मंडळींनी एक वर्ष एकत्र नोंद करावी, अलिबागसारखी.

तीन-चार वर्षांनी कुणी रंगीत पुस्तिका घेऊन येईल आणि इमारत पाडा म्हणेल. दुसरा कुणी म्हणेल, गिलावा मारा, अजून तीस वर्षं बघायला नको. त्या दिवशी आपल्याकडे वह्या असतील, तर दोघांनाही बसवून आपण प्रश्न विचारू शकू. वह्या नसतील, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होईल. घर आपलं आहे, बऱ्याच जणांची आयुष्यभराची पुंजी त्यात आहे, निर्णय आवाजावर होऊ नये.

भेगांच्या वहीचं काम मी सतरंजीवरच्या मंडळींकडे द्यावं म्हणतो. त्यांची नजर तीक्ष्ण आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि सुवर्णमहोत्सवाला ती वही वाचून दाखवायला तीच इथे असणार आहेत. रविवारी सकाळी आठ वाजता ए विंगच्या जिन्याशी या. पट्टी, पेन्सिल आणि जुनी वही घेऊन या.